पिल्लू येतंय, पण मांजराला विचारलंत का?

आमच्याकडे कुत्र्याचं दुसरं पिल्लू आलं तेव्हा घरातला बोका नऊ दिवस कपाटावर मुक्कामाला होता. खाली उतरायचा तो रात्री दोननंतर, सगळी निजानीज झाल्यावर. दोन घास खायचा, शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन यायचा आणि परत वर. पिल्लासाठी आम्ही बिछाना, वाट्या, पट्टा, खेळणी असा संसार मांडून ठेवला होता. बोक्यासाठी काहीच केलं नव्हतं. तो तर घरचाच, त्याची काय तयारी करायची! दहाव्या दिवशी त्याची लघवी अडली आणि त्याला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं. मांजराला ताण आला की त्याचा फटका बरेचदा मूत्राशयाला बसतो, आणि बोक्यांची मूत्रनळी अरुंद असल्यामुळे ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं पिल्लू आणताना क्रम उलटा केला. आधी घरात असलेल्यांची सोय, मग पाहुण्याची. खाली लिहिलेलं सगळं त्याच क्रमाने आहे. घरात दुसरा प्राणी नसेल तर ते भाग सोडून पुढे जा.

आणण्याआधी

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू किमान ८ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्या. ‘दोन महिन्यांचं झालंय’ असं देणारा सांगतो, पण पिल्लू चालताना लटपटत असेल, मऊ खाणंही नीट खात नसेल तर शंका घ्या. तोंड उघडून बघा. दुधाचे २८ दात साधारण ८ आठवड्यांपर्यंत येऊन जातात. या वयाचा आग्रह उगाच नाही. भावंडांशी कुस्ती खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. जबडा किती जोरात मिटायचा हे पिल्लू तिथेच शिकतं. लवकर उचलून आणलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धा राहतो आणि तो पुढे तुमच्या हातांच्या कातडीवर पुरा होतो.

मग घराचे तीन भाग पाडा. एक पिल्लाचा, एक आधीपासून असलेल्या प्राण्याचा, आणि एक सामाईक, पण सामाईक भागात कुणी मोठं माणूस असेल तेव्हाच दोघांना सोडायचं. भाग पाडायला भिंती लागत नाहीत. लहान मुलांसाठी जिन्याच्या तोंडाशी लावतात तसं जाळीचं फाटक पुरतं. या सगळ्या खटाटोपात एकच वस्तू घ्यायची असेल तर हे फाटक घ्या, महागडा बिछाना नको. तो तसाही कुरतडला जाणार आहे.

मांजर असेल तर त्याची खाण्याची वाटी उंचावर न्या आणि मातीचा ट्रे पिल्लाला पोचता येणार नाही अशा खोलीत. हे पिल्लू यायच्या दिवशी करू नका, दोन-तीन आठवडे आधीपासून थोडं थोडं सरकवत न्या. एकाच दिवशी नवा कुत्रा आला आणि संडासही हलला, तर कुठलंही मांजर गादीवर निषेध नोंदवेल. आणि हो, ट्रे लपवायचा तो पिल्लाला मांजराची विष्ठा खाऊ म्हणून आवडते म्हणून. तोंड वाकडं करू नका, बहुतेक पिल्लं हे करतात.

पिल्लाच्या कोपऱ्यात क्रेट ठेवा, म्हणजे जाळीचा किंवा प्लॅस्टिकचा बंद होणारा पिंजरा. त्यात त्याला उभं राहता आलं, वळता आलं आणि पाय ताणून झोपता आलं की पुरे. फार मोठा घेतलात तर एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला शू करायची अशी सोय पिल्लू स्वतःच करून घेतं. मोठं होणाऱ्या जातीचं असेल तर मोठाच घ्या, पण मधे फळी लावून जागा कमी करा. क्रेट शिक्षेची जागा कधीच होऊ देऊ नका. त्यात जेवण मिळतं, खाऊ सापडतो, दार उघडं असतं, असं पहिले काही दिवस चालू द्या.

शेवटी घरातल्या फरशीवर खरोखर रांगून बघा. वायरी, मोजे, बटणं, दोरा ओवलेली सुई, गोळ्यांची पाकिटं, उंदराचं औषध, कुंड्या. सायकसचं झाड कुत्रा आणि मांजर दोघांनाही घातक आहे. मांजर असलेल्या घरात लिली फुलदाणीतसुद्धा नको, कारण तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

जमलं तर सकाळी आणा, म्हणजे रात्र होईपर्यंत त्याला घराचा अंदाज येतो. आईच्या किंवा भावंडांच्या वासाचं एखादं फडकं सोबत मागून घ्या. घरात शिरण्याआधी शी-शूची जी जागा ठरवली असेल तिथे नेऊन थांबा. झाली तर शाबासकी, नाही झाली तरी हरकत नाही. नातेवाईक, शेजारी, मुलांचे मित्र यांना एक आठवडा थांबवा. या दिवसांत पिल्लाला माणसांपेक्षा झोपेची गरज जास्त असते. लहान पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात, आणि ती झोप मोडली की काय होतं ते चावण्याच्या भागात येईलच.

खाणं तेच ठेवा जे ते आधी खात होतं. बदलायचं असेल तर ७ ते १० दिवस लावा. रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त. सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा, चौथ्या महिन्यापासून तीनदा आणि सहा महिन्यांनंतर दोनदा. गायीच्या दुधाची वाटी ठेवायचा मोह आवरा, आईचं दूध तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना त्याने जुलाब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून वरून कॅल्शियम देणं तर चक्क नुकसानीचं आहे, जादा कॅल्शियममुळे वाढती हाडं बिघडतात. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार तुकड्यांत फुटतात.

रात्री ते रडणार. याला हट्ट समजू नका. आजवर ते भावंडांच्या उबेत झोपलंय, एकटं झोपण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. ‘रडू दे, सवय होईल’ हा सल्ला मीही ऐकला होता आणि पहिल्या पिल्लाच्या वेळी पाळलाही होता. तीन रात्री आम्ही कुणीच झोपलो नाही आणि पिल्लाला त्या खोलीची जी धास्ती बसली ती पुढे कित्येक महिने गेली नाही. आता मी क्रेट पलंगाला चिकटून ठेवते. कुंई ऐकू आलं की हात खाली सोडायचा, बोटं जाळीला लावायची. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. मध्यरात्री एकदा-दोनदा शू करायला न्यावंच लागतं. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ तर नाहीच. झाली की परत आत. आठवडा-दोन आठवड्यांनी क्रेट रोज वीतभर दाराकडे सरकवायचा.

शी-शू

साधा आडाखा असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत. जागं असेल, खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासातच लागते. म्हणून घड्याळापेक्षा प्रसंग लक्षात ठेवा: झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पाच-दहा मिनिटांत, पाणी प्यायल्यावर, खेळ रंगात आल्यावर. जमिनीला नाक लावून गोल गोल फिरायला लागलं की उचला आणि चला.

बक्षीस जागेवरच द्या, घरात परत आल्यावर नाही. परत येऊन दिलं तर पिल्लाच्या लेखी ते घरात शिरल्याचं बक्षीस ठरतं.

घरात झाली तर गप्प पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी दाखवणं, ओरडणं यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. मग सोफ्यामागे जाऊन करतं. आणि तुम्ही बाहेर पट्टा धरून उभे असता तेव्हा अजिबात करत नाही, कारण तुम्ही बघताय! पुसायला विकरांचं, म्हणजे एन्झाइमचं क्लीनर सगळ्यात चांगलं, ते वासाचं मूळच काढतं. अमोनियावालं नको, त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच वाटतो. घरात मांजर असेल तर फिनाइलच्या जातीची जंतुनाशकंही टाळा. त्यांतल्या फिनॉलचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते, आणि ओल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर आपले पंजे चाटतंच.

मांजर आणि पिल्लू

इथे घाई केली की महिने वाया जातात. एकदा पिल्लाने मांजराचा पाठलाग केला आणि मांजर पळालं, की दोघंही ते विसरत नाहीत. पिल्लाला खेळ सापडतो, मांजराला शत्रू. तेव्हा तो पहिला पाठलाग घडू न देणं हेच खरं काम.

पहिले दोन-तीन दिवस त्यांनी एकमेकांना बघायचंच नाही. मांजर त्याच्या खोलीत, पिल्लू त्याच्या भागात. एक फडकं पिल्लाच्या अंगावरून फिरवून मांजराच्या खोलीत ठेवा, मांजराच्या गालांवरून फिरवलेलं दुसरं पिल्लाजवळ. मांजर फडक्यावर फिसकारलं तर ते काढू नका, फक्त वाटीपासून लांब न्या आणि रोज थोडं जवळ आणा. फडक्याशेजारी बसून ते निवांत खायला लागलं की पुढची पायरी.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं. मग दाराऐवजी जाळीचं फाटक, आणि त्यावर अर्धी उंची झाकणारी चादर. मग चादर वर. प्रत्येक पायरीला दोन दिवस लागतील किंवा दहा. आमच्या बोक्याला दुसऱ्या खेपेला तीन आठवडे लागले, बहिणीच्या मांजरीला चार दिवस. वेग ठरवायचा तो मांजराने.

एका खोलीत पहिल्यांदा आणाल तेव्हा पिल्लू दमलेलं, पोट भरलेलं आणि पट्ट्यात असावं. मांजर मोकळं असावं. मांजराला कडेवर घेऊन ‘बघ, कोण आलंय’ असं करू नका, घाबरलं तर ते तुमच्याच खांद्याची शिडी करून पळेल. त्याला चढायला उंच जागा हवी, आणि खोलीतून बाहेर पडायची अशी वाट हवी की जी पिल्लाच्या समोरून जात नाही.

पिल्लाकडे नीट लक्ष ठेवा. भुंकणारं, शेपटी हलवणारं पिल्लू त्रासदायक असतं, पण धोक्याची खूण वेगळी आहे. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर मांजरावर खिळलेली. असं झालं तर हाक मारा, खाऊ दाखवा, अंतर वाढवा. उलट, मांजराकडे बघून त्याने आपणहून मान तुमच्याकडे वळवली, तर त्या क्षणी खाऊ द्या. पुढे वर्षभर कामाला येणारी सवय तीच. शेपटीच्या भाषेतही गोंधळ असतो. कुत्र्याची हलणारी शेपटी बहुधा मैत्रीची असते, मांजराची फटफट आपटणारी शेपटी म्हणजे ‘बस झालं’. ही दोन प्राण्यांमधली दुभाषेगिरी तुम्हालाच करायची आहे.

या काळात मांजराचं खाणं आणि ट्रे रोज बघा. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दवाखान्यात फोन करा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि तो आजार अवघड असतो. ट्रेमध्ये वारंवार बसूनही थेंब-दोन थेंबच येत असतील, तर सकाळची वाट बघू नका. ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकाने जास्त असावी हा नियम अशा दिवसांत विशेष पाळा.

दोघांची वाटी कायम वेगळी. मांजराचं अन्न कुत्र्याला चविष्ट लागतं, पण ते त्याला फार जड. कुत्र्याच्या अन्नावर वाढलेल्या मांजराला मात्र टॉरिन नावाचं पोषकद्रव्य कमी पडतं, आणि त्या कमतरतेने हळूहळू डोळे जातात, हृदय दुबळं होतं.

घरात आधी कुत्रा असेल तर

भेट घराबाहेर, दोघांनाही परकी अशा जागी घडवा. पिल्लाच्या लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून रस्त्याकडेची किंवा बागेतली जागा नको, एखाद्या मित्राचं स्वच्छ अंगण चालेल. समोरासमोर उभं करू नका. दोघांना एकाच दिशेने, काही अंतर ठेवून चालवा आणि मग घरात एकत्र शिरा.

मोठा कुत्रा पिल्लावर गुरगुरला की घरचे लगेच त्याला रागावतात. कृपा करून तसं करू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने सभ्यपणे सांगितलेलं ‘पुरे’ आहे. ते दाबलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. रागावण्याऐवजी पिल्लाला उचलून न्या. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला पिल्लाची मस्ती सोसवत नाही. त्याच्यासाठी फाटकापलीकडची जागा राखीव ठेवा आणि त्याचा रोजचा फेरफटका पूर्वीसारखा एकट्याचाच असू द्या.

सशांबद्दल आणि पक्ष्यांबद्दल थोडक्यात. ते भक्ष्य आहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे. जाळीतून सुद्धा पिल्लाची नजर आणि भुंकणं त्यांना सोसत नाही. वेगळी खोली, बंद दार, एवढंच. सशाने भीतीपायी अर्धा दिवस खाणं सोडलं तरी त्याचं आतडं मंदावतं आणि ते जिवावर येऊ शकतं. कुत्रा आणि ससा एकत्र झोपलेले व्हिडिओ बघून आपल्या घरी प्रयोग करू नका.

चावरे दिवस

तीन-साडेतीन महिन्यांपासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जगातली प्रत्येक वस्तू तोंडात जाते, तुमची बोटं धरून. ओला पिळलेला कपडा गाठ मारून फ्रीजरमध्ये गार करा आणि तुमच्या समोर चघळायला द्या. चघळायच्या वस्तूची परीक्षा सोपी आहे. नखाने दाबून जराही खूण उमटत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार टणक आहे.

हातावर दात लागले की हात झटकून ओढू नका, पळणारी वस्तू पकडायला अजून मजा येते. स्थिर व्हा, खेळणं पुढे करा. तरी चावलं तर उठून फाटकापलीकडे जा, अर्ध्या मिनिटाने परत या. घरातल्या सगळ्यांनी हेच केलं तर काही आठवड्यांत फरक पडतो. एकाने केलं आणि दुसऱ्याने हातानेच कुस्ती खेळली, तर काहीच होणार नाही.

पण संध्याकाळी सात-आठच्या सुमारास जे पिसाळल्यासारखं धावणं आणि करकचून चावणं सुरू होतं, ते बहुतेक वेळा झोप न झालेल्या बाळाचं रडणं असतं. जास्त खेळवून दमवायला गेलात तर आणखी चेकाळतं. साधारण तासभर जागं, मग दोन तास क्रेटमध्ये झोप, असं दिवसाचं वेळापत्रक लावून बघा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या ‘आक्रमक’ पिल्लांचं दुखणं एवढ्यावरच गेलं.

कुणीतरी नक्की सांगेल की पिल्लाला पाठीवर पाडून दाबून धरा, मालक कोण ते कळू दे. या कल्पनेचा उगम प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधल्या निरीक्षणांत आहे. ती निरीक्षणं बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. पुढे ज्यांच्या लिखाणातून ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द घरोघरी पोचला, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं की मोकळ्या जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं असतात, तिथे गादीसाठी मारामारी नसते. मग लांडग्यांतही न टिकलेला नियम आपल्या पिल्लावर कशाला!

घरात लहान मुलं असतील तर दोन नियम पक्के. झोपलेल्या आणि खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. पिल्लाला भेटायला जायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. रक्त निघेल असं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, पिल्लू घरचं असलं तरी.

दवाखाना आणि बाहेरचं जग

पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणा. लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर २ ते ४ आठवड्यांनी किमान १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात. ‘तीच लस परत परत कशाला?’ हा प्रश्न सगळे विचारतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला वाचवतात, पण तीच लसही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. शेवटचा डोस बुडवणं म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा डोस बुडवणं. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर. जंतांचं औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. पिल्लांचे गोलकृमी मुलांनाही होऊ शकतात, तेव्हा हात धुणं आलंच.

पार्वोबद्दल वेगळं सांगायला हवं. हा विषाणू १९७८ मध्ये पहिल्यांदा जगासमोर आला आणि पिल्लांचा कर्दनकाळ ठरला. जमिनीत तो कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो. ज्या घरात आधी पार्वोने पिल्लू गेलं असेल तिथे नुसत्या साबणाने भागत नाही. धुतलेल्या फरशीवर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं ठेवून मग पुसा, आणि तिथे नवं पिल्लू आणण्याआधी व्हेटशी बोला. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा दिसला तर त्याच तासाला निघा.

आता पेच असा की लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडायचं, तर जग ओळखायचं वय निघून जातं. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि इलियट या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा स्पर्श न होऊ देता वाढवलेली पिल्लं वेगवेगळ्या वयात माणसांत आणली. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटी प्राण्यांसारखीच बुजरी राहिली. सुमारे ३ ते १२-१४ आठवडे, एवढीच ती खिडकी. तोडगा साधा आहे, पिल्लाला उचलून न्या. कडेवर बसून त्याला गाड्या, छत्र्या, चष्मेवाले, दाढीवाले, चाकाची खुर्ची, पावसाचा आवाज सगळं लांबून दाखवा. जमिनीवर ठेवू नका, अनोळखी कुत्र्यांपासून दूर राहा. लसीकरण झालेला, निरोगी, शांत स्वभावाचा ओळखीचा कुत्रा असेल तर त्याला घरी बोलवा. घाबरून मागे सरलं तर पुढे ढकलू नका, अंतर वाढवा.

घरी एक डिजिटल थर्मामीटर फक्त पिल्लासाठी ठेवा. गुदद्वारातून मोजलेलं ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस तापमान कुत्र्यासाठी नेहमीचं. नाक गार की गरम यावरून काही कळत नाही. चिमुकल्या जातीचं पिल्लू खाणं चुकल्यावर अचानक लुळं पडलं, झोकांड्या खायला लागलं, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. हिरडीला मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि निघा.

विषाची यादी, फ्रिजवर लावायला

चॉकलेट, जितकं गडद तितकं वाईट. द्राक्षं आणि बेदाणे, थोडेसुद्धा मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजलेले, पावडर, कसेही. साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल, त्याने काही मिनिटांत रक्तातली साखर कोसळू शकते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेनही आणि पॅरासिटामॉलही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. खाल्लंच तर वेष्टन सोबत घ्या आणि व्हेटला फोन करा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

आणि दोन प्राणी असलेल्या घरांसाठी सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर लावायच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. कुत्र्याचं औषध मांजराला ‘अर्ध्या मात्रेत’ लावणं तर नकोच, कुत्र्याला लावल्यावरही ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर दूर ठेवा. मांजर असेल तर व्हेटला आधीच सांगून परमेथ्रिन नसलेलं औषध मागा.

एकटं राहणं, आणि फाटक कधी काढायचं

सुट्टी काढून दोन आठवडे चोवीस तास सोबत राहायचं आणि मग एका सोमवारी आठ तास गायब व्हायचं, यासारखा धक्का नाही. पहिल्याच आठवड्यात एक मिनिट दाराबाहेर जाऊन या. मग पाच, मग पंधरा. जाताना लाडीगोडी नको, येताना सोहळा नको. दिवसभर बाहेर राहावं लागत असेल तर दुपारी कुणीतरी येऊन जाईल अशी व्यवस्था पिल्लू आणण्याआधीच करा.

फाटकाचं विचाराल तर आमच्याकडे ते अकरा महिने होतं. सलग महिनाभर पिल्लाने बोक्यामागे एकही धाव घेतली नाही, हाक मारल्यावर प्रत्येक वेळी मान वळवली आणि बोका त्याच्यासमोरून चालत जायला लागला, पळत नव्हे, तेव्हा काढलं. घरात कुणी नसताना मात्र दोघं अजूनही वेगवेगळ्या खोल्यांत असतात. पिल्लाला आता तीन वर्षं झाली आहेत.